ऑक्टोबरच्या उन्हातली मसाल्याची बरणी

कोपर स्थानकात गाड्या दोन मजल्यांवर धावतात. खालून मुंबई–कल्याणच्या लोकल आणि वरून दिवा–वसई मार्गाची मेमू. वरच्या फलाटावर उभं राहिलं की ऋतू बदलल्याचं आधी कळतं. सप्टेंबरपर्यंत गच्च हिरवा असलेला खाडीकडचा पट्टा ऑक्टोबरात पिवळसर पडू लागतो, आणि मागे डोंबिवलीच्या इमारतींत खिडक्यांच्या ग्रिलवर गाद्या, गोधड्या, चादरी वाळत पडतात. त्यांच्या शेजारी एखादं स्टीलचं ताटही असतं. ताटात धने, तमालपत्र नाहीतर चार मुठी मिरच्या.

हवामान खात्याच्या वेळापत्रकानुसार मुंबई परिसरातून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. पावसाचं वेळापत्रक आणि लोकलचं वेळापत्रक सारख्याच विश्वासाचं, तरी त्या सुमाराला कडक ऊन पडतं हे खरं. एप्रिल-मेमध्ये कुटून भरलेला वर्षाचा मसाला तोवर चार महिन्यांची ओल सोसून बसलेला असतो. पुढे कोजागरी, दिवाळी, तुळशीचं लग्न. स्वयंपाकघरात मसाल्याचं काम याच दिवसांत वाढतं आणि मसाल्याची तब्येत याच दिवसांत सगळ्यांत नाजूक असते. म्हणून दसऱ्याच्या आगेमागे एक सकाळ मसाल्याच्या बरणीसाठी राखून ठेवावी.

ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या आगरी घरांत वर्षाचा मसाला हा मोठा कार्यक्रम असतो. रंगाला बेडगी किंवा काश्मिरी मिरची, तिखटपणाला लवंगी, गुंटूर नाहीतर संकेश्वरी, जोडीला धने, हळकुंड, खसखस, दगडफूल, बाद्यान, नाकेशर, जायपत्री, मसाला वेलची, शहाजिरे अशी लांबलचक यादी. मिरच्या कडकडीत वाळवायच्या, मसाले एकेक करून भाजायचे, कांडप गिरणीवर रांग लावायची आणि शिंकत घरी यायचं. कोणी थेट लालबागच्या मसाला बाजारापर्यंत जातं, कोणी वाशीच्या घाऊक बाजारातून पाच घरांचा माल एकदम आणतं. एवढी मेहनत केलेला मसाला ऑगस्टमध्ये एका ओल्या चमच्याने बिघडतो.

बरणी उघडल्यावर आधी वास घ्यावा. रंग फसवतो, वास सहसा फसवत नाही. मिरचीचा आणि भाजलेल्या धन्यांचा झणका नाकात शिरला तर निम्मी परीक्षा पास. कुबट, ओल्या पोत्यासारखा किंवा जुन्या तेलासारखा वास आला तर पुढची तपासणी नीट करावी. खोबरं किंवा खसखस घातलेल्या मसाल्याला खवट वास लवकर येतो, कारण त्यात तेल जास्त असतं.

मग गुठळ्या. गुठळी बोटांत दाबल्यावर भुगा होऊन पडली तर ती नुसती ओल. मसाला वाचवता येतो. गुठळीवर पांढुरकी, हिरवट किंवा करडी बुरशी दिसली तर मात्र जीव थोडा होऊ देऊ नये. ‘वरचा थर काढला की खालचा चांगला असतो’ हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य इथे धोक्याचं आहे. मिरचीवर वाढणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते यकृताला घातक असतं आणि घरच्या फोडणीच्या किंवा उकळण्याच्या उष्णतेने नष्ट होत नाही. पुडीत बुरशी कुठवर पसरली आहे हे डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा बरणीतला सगळा मसाला टाकून द्यायचा, बरणी गरम पाण्याने धुवायची आणि दोन दिवस उन्हात उपडी ठेवायची.

नुसती ओल असेल तर उपाय सोपा, पण एक चूक हमखास होते. दळलेला मसाला भर उन्हात पसरला की तिखटाचा लाल रंग उडतो आणि सुगंधी तेलंही. ऊन अख्ख्या मसाल्याला द्यावं. लवंग, मिरी, धने, तमालपत्र, मिरच्या सकाळी दहा ते दुपारी तीनपर्यंत ठेवाव्यात आणि संध्याकाळची दमट हवा सुटायच्या आत उचलाव्यात. दळलेल्या मसाल्यासाठी जाड बुडाची कढई तापवून गॅस बंद करावा, तिच्या उरलेल्या उष्णतेवर मसाला दोन मिनिटं हलवावा आणि ताटात पातळ पसरून पूर्ण गार होऊ द्यावा. कोमट मसाला बरणीत भरला तर त्याचीच वाफ झाकणाला धरते आणि सगळं मुसळ केरात.

तळाशी आणि वर हिंगाचे खडे ठेवायची पद्धत चांगलीच आहे. त्या उग्र वासाला कीड बिचकते. पण हिंग ओल रोखत नाही, त्याच्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये. धने, हळद, तिखट यांत बारीक तपकिरी टोके दिसले तर त्यांची अंडीही आत असणारच. मोठ्या प्रमाणात असतील तर मसाला टाकावा. अख्खे धने किंवा मिरच्या आणल्या आणल्या घट्ट पिशवीत आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवल्या, तर कीड वाढण्याआधीच मरते.

सगळ्यात उपयोगी सवय म्हणजे मसाला दोन ठिकाणी ठेवणं. महिनाभर पुरेल एवढा छोट्या बरणीत, बाकीचा हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये किंवा फ्रीजरमध्ये. थंड डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये. तासभर तसाच राहू द्यावा, नाहीतर खोलीतल्या दमट हवेचं पाणी थेट मसाल्यावर उतरतं. रोजच्या वापरातली बरणी गॅसच्या वरच्या फळीवर ठेवायची आणि उकळत्या पातेल्यावर धरून मसाला झटकायचा, ही सवय तर आजच सोडावी. पातेल्यातली वाफ सरळ बरणीत जाते.

कोपरच्या वरच्या फलाटावरून जी गाडी वसईकडे जाते, तिकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांनी हा प्रश्न त्यांच्या पद्धतीने सोडवला आहे. त्यांचा मसालाही उन्हाळ्यात कुटला जातो आणि बिअरच्या गडद तपकिरी बाटल्यांत ठासून भरला जातो. त्यावरून त्याचं नावच ‘बॉटल मसाला’ पडलं. काच ओल शोषत नाही, गडद रंग उजेड अडवतो, अरुंद तोंडातून हवा कमी शिरते आणि एक बाटली संपेपर्यंत दुसरीचं बूच उघडतच नाही. शोकेसमधल्या पारदर्शक बरण्या दिसायला सुंदर, पण मसाल्याच्या दृष्टीने बिअरची बाटली जास्त शहाणी.

दिवाळीच्या तोंडावर बरीच घरं सुटे मसाले नव्याने विकत घेतात आणि भेसळीलाही तेव्हाच जोर चढतो. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने घरी करता येतील अशा काही चाचण्या दिल्या आहेत. पेलाभर पाण्यावर चिमूटभर तिखट भुरभुरावं. रंगाच्या रेघा झरझर खाली उतरल्या तर वरून रंग लावलेला असण्याची शक्यता. तळाशी बसलेला गाळ बोटांनी चोळल्यावर कचकचला तर विटेची भुकटी. मिरी पाण्यात टाकली की बुडते, पपईच्या बिया तरंगतात. चांगली लवंग बुडते, तेल काढून घेतलेली तरंगते. जिरे तळहातावर चोळल्यावर हात काळा झाला तर दुकान बदलावं.

हळदीबद्दल जास्त जपावं लागतं. पिवळा रंग उठावदार दिसावा म्हणून काही ठिकाणी हळकुंडांना लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं संयुग, चोळलं जातं. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर कायमचा परिणाम करतं. शेजारच्या बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं आढळलं होतं. सरकारने आणि संशोधकांनी मिळून मोहीम चालवल्यावर २०२१ पर्यंत ते प्रमाण शून्यावर आलं. घरी हळद पाण्यात टाकून पाहता येते. शुद्ध हळद खाली बसताना पाण्याला फिकट पिवळा रंग देते, भेसळीची गडद. पण शिशाचा खात्रीचा निकाल प्रयोगशाळेतच लागतो. त्यामुळे डोळ्यात भरणाऱ्या पिवळ्याधमक हळकुंडापेक्षा मळकट दिसणारं, मोडल्यावर आतून गडद केशरी असलेलं हळकुंड बरं. महाराष्ट्रात सांगली, वायगाव आणि वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे.

मसाला नीट झाला, आता तो किती घालायचा?

आयुर्वेदात शरद ऋतूची ख्याती फारशी चांगली नाही. वैद्यमंडळी थट्टेने शरदाला आपली आईच म्हणतात, इतके रुग्ण तो मिळवून देतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ऋतुचर्या सांगताना म्हटलं आहे की पावसाळ्यात साठलेलं पित्त शरदाच्या उन्हाने भडकतं. या काळात गोड, कडू, हलकं आणि थंड गुणाचं खावं, तेल, दही, क्षार, पाणथळीतल्या प्राण्यांचं मांस आणि दिवसाची झोप टाळावी. आपलं पंचांग मात्र नेमकं याच दिवसांत चकल्या तळायला लावतं. आणि नवरात्र उठलं की खाडीकाठच्या घरांना मासळी आठवते, ती वेगळीच. चरकाचं आणि कोपरचं पूर्ण जमणं कठीण. मधला मार्ग मसाल्याच्या निवडीत आहे.

तिखट खाल्ल्यावर घाम येतो आणि घाम सुकताना अंग गार होतं, हे कोरड्या प्रदेशात चालतं. ऑक्टोबरात खाडीकाठची हवा इतकी दमट असते की घाम सुकतच नाही. झणझणीत रस्सा खाल्ल्यावर पंख्याखालीही नुसती चिकचिक होते. म्हणून या दिवसांत तिखट निम्म्यावर आणावं आणि उरलेली जागा धने, जिरे, बडीशेप, वेलची, कोकम यांना द्यावी.

त्यासाठी शरदापुरती धने-जिरे पूड वेगळी करून ठेवावी. दोन वाट्या धने, एक वाटी जिरे, पाव वाटी बडीशेप. (वाटी-चमच्याचं हे माप मराठी घरात मुरवण्यात १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’चा मोठा वाटा; तराजू नसलेल्या ओट्यावर तेच सोयीचं.) तिन्ही वेगवेगळं, मंद आचेवर, तेल न घालता भाजायचं. धने बोटांत दाबल्यावर कुरकुरीत तुटले की झाले. जिऱ्याला दोन मिनिटंही पुरतात. ते काळपट झालं की कडू होतं. बडीशेप नुसती गरम करायची. गार झाल्यावर जरा भरड दळायचं आणि पंधरा-वीस दिवसांत संपवायचं. दुधी, पडवळ, दोडका, लाल भोपळा या भाज्यांना मोहरी-हिंगाची फोडणी द्यावी, एखादी हिरवी मिरची मोडून टाकावी आणि उतरवताना चमचाभर ही पूड घालावी. शेवटी घातल्याने पुडीचा वास टिकतो. आमटीतही गोडा मसाला नेहमीच्या निम्मा घालून ही पूड वापरली, तर जेवल्यावर छातीत जळजळ होणाऱ्यांना फरक जाणवू शकतो. जळजळ आठवडेच्या आठवडे राहत असेल तर मसाला बदलत न बसता डॉक्टरांना दाखवावं.

फोडणीचा क्रमही इथेच सांगितलेला बरा. तेल तापल्यावर मोहरी, ती तडतडली की जिरे, मग हिंग. गॅस बारीक करून हळद, आणि तिखट अगदी शेवटी. मिरचीचा रंग आणि तिखटपणा दोन्ही तेलात उतरतात, पाण्यात नाही. म्हणून ते तेलात घालायचं, पण काही सेकंदांतच वरून भाजी किंवा पाणी टाकायचं. तिखट करपलं की ठसका लागतो, रंग विटतो आणि मग चव आणायला आणखी मसाला घातला जातो. घरातला निम्मा मसाला खरं तर असाच वाया जातो.

कोजागरीच्या दुधाला विकतचा मसाला कशाला लागतो, हे कोडंच आहे. लिटरभर दुधाला पंधरा-वीस बदाम, तेवढेच पिस्ते, सहा-सात वेलदोडे, केशराच्या पंधरा-वीस काड्या, पाव चमच्याहूनही कमी जायफळ आणि चार-पाच मोठे चमचे साखर. सुका मेवा थोड्या साखरेबरोबर, मिक्सर थांबवत थांबवत फिरवावा. सलग फिरवला तर तेल सुटून लगदा होतो. केशर कोमट दुधात अर्धा तास भिजवावं. खरं केशर रंग हळूहळू सोडतं. घातल्या घातल्या दूध केशरी झालं तर शंका घ्यावी. दूध पाऊण होईपर्यंत आटवून गॅस बंद केल्यावर वेलची आणि जायफळ घालावं. वेलदोड्याची सालं चहाच्या डब्यात टाकावीत.

जायफळाबाबत मात्र हात आखडता ठेवावा. ‘झोप छान लागते’ म्हणून अर्धंअधिक जायफळ किसून घालणारे उत्साही लोक प्रत्येक गच्चीवर एकदोन असतात. जायफळातलं मिरिस्टिसिन जास्त प्रमाणात पोटात गेलं तर मळमळ, छातीत धडधड, भ्रम असे त्रास होतात. लिटरभर दुधाला किसणीवर चार-पाच वेळा घासलेलं जायफळ पुष्कळ झालं.

आता कालवण. उल्हास नदीच्या खाडीचं पाणी पूर्वीसारखं राहिलेलं नाही, तरी बोईट, निवटी, खरबी, चिंबोरी, कोलंबी आणि नशीब असेल तर जिताडा, ही नावं इथल्या आगरी घरांत अजून चवीनं घेतली जातात. खाडीच्या मासळीला कधी कधी चिखलाचा वास येतो. तो घालवायला मसाला वाढवायची गरज नसते. हा वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीचा जो वास तोच, आणि आंबटात तो मोडतो. म्हणून मासळीला हळद, मीठ आणि चिंचेचा कोळ किंवा लिंबू लावून वीस मिनिटं ठेवायचं, मग धुवायचं. आजीने हेच सांगितलेलं असतं, फक्त जिओस्मिन हा शब्द तिने वापरलेला नसतो.

चौघांच्या कालवणाला एरवी तीन चमचे आगरी मसाला जात असेल तर ऑक्टोबरात दीड-दोन पुरे. तेलात ठेचलेला लसूण सालासकट लाल करावा, गॅस बारीक करून हळद आणि मसाला घालावा, दहा सेकंद परतून लगेच चिंचेचं पाणी ओतावं. हे पाणी पाच-सात मिनिटं चांगलं उकळू द्यावं आणि मासळी त्यानंतर सोडावी. मसाल्याचा कच्चटपणा पाण्यातच गेला पाहिजे. मासे टाकल्यावर तो घालवत बसलं तर तुकडे मोडतात. वरून कोथिंबीर. गरम मसाल्याची वेगळी चिमूट नको. वर्षाच्या मसाल्यात तो आहेच.

दिवाळीत मसाल्यापेक्षा ओलीशी जास्त झगडावं लागतं. चिवड्याचे पातळ पोहे करायच्या दिवशी दोन तास उन्हात ठेवले तर ते कमी भाजावे लागतात आणि आकसत नाहीत. फोडणीत मिरचीचे तुकडे आणि कढीपत्ता पार कुरकुरीत होईपर्यंत थांबावं. त्यांच्यातलं उरलेलं पाणीच तिसऱ्या दिवशी चिवडा मऊ करतं. हळद-हिंग गॅस बंद करून घालावेत, मीठ आणि पिठीसाखर पोहे कोमट झाल्यावर.

चकलीच्या भाजणीचं प्रत्येक घराचं गणित वेगळं. ज्यांच्याकडे नाही त्यांनी चार वाट्या तांदूळ, दोन हरभराडाळ, एक उडीदडाळ, अर्धी मूगडाळ, पाव वाटी धने आणि दोन मोठे चमचे जिरे घ्यावेत. तांदूळ-डाळी धुऊन पंख्याखाली पूर्ण वाळवाव्यात, वेगवेगळ्या भाजाव्यात. धने-जिरे सगळ्यांत शेवटी, गॅस बंद केलेल्या गरम कढईत. पिठाच्या वाटीमागे चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन. त्याहून जास्त झालं तर चकली तेलात विरघळते. तीळ, ओवा, हिंग, तिखट पीठ भिजवताना. बाजारातल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. ज्यांना गहू चालत नाही त्यांनी डबीवरचे घटक वाचूनच हिंग घ्यावा. शुद्ध हिंग आजही मुख्यतः अफगाणिस्तान-इराणकडून येतो. भारतात त्याच्या लागवडीचा श्रीगणेशा हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात क्वारिंग गावी १५ ऑक्टोबर २०२० रोजी झाला.

डोंबिवली-कोपरहून फराळाचे डबे परदेशी जातात, त्यांच्यासाठी एक सूचना तातडीची. अनारशांवरची आणि करंजीच्या सारणातली खसखस संयुक्त अरब अमिरातीत, सौदी अरेबियात आणि सिंगापूरला चालत नाही. खसखस अफूच्या झाडाचं बी असल्याने तिथे ती बंदी असलेल्या पदार्थांत मोडते आणि प्रकरण डबा जप्त होण्यावर थांबेलच असं नाही. दुबईच्या डब्यातल्या करंज्यांना भाजलेले तीळ आणि चारोळी घालावी, अनारसे इथेच संपवावेत. बहुतेक घरांत ते डोंबिवलीच्या फडके रोडवरून दिवाळी पहाट करून परतलेली मुलंच संपवतात.

फराळाचं आवरलं की बरणी पुन्हा एकदा पाहावी. बेडगी, गुंटूर अशा मिरच्यांचा नवा माल जानेवारीपासून बाजारात वाढतो आणि कांडपाच्या रांगा एप्रिल-मेला लागतात, तोवर हाच मसाला पुरवायचा आहे. बरणीवर कागदाची पट्टी चिकटवून कुटल्याची तारीख, कोणती मिरची किती घेतली होती आणि दिवाळीनंतर किती उरला, एवढं पेनाने लिहून ठेवावं. पेन्सिल नको, तेलकट हाताने पुसली जाते.